ऐकू आलं तेवढंच

वर्गात कुणी गाणं गुणगुणलेलं मास्तरांना खपत नसे. गाणी लावायचे तेच, तीही सिनेमातली, पण एखाद्या पोरानं नुसते ओठ हलवले तरी ट्रान्झिस्टर खटकन बंद व्हायचा. "गायचं नाही," ते म्हणायचे. "गाणाऱ्याला ऐकू येत नाही."

शिरूर तालुक्यातल्या एका गावात आमचं हायस्कूल होतं. वर पत्रे, चार खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीला मधे फळ्या ठोकून केलेलं ऑफिस. ते मराठी आणि हिंदी शिकवायचे, मी गणित. आम्हा दोघांना मिळून एक लाकडी कपाट होतं आणि त्याच्या किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. सात वर्षं आम्ही शेजारी शेजारी शिकवलं. तरी ते माझे मित्र होते असं मी म्हणणार नाही. का, ते पुढं येईलच.

शाळेत आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ते वेळापत्रक घेऊन माझ्याकडे आले. आठवीचा साडेबाराचा तास माझा होता, तो त्यांना हवा होता.

"तुमचं बीजगणित कधीही होतं हो," ते म्हणाले. "गाणी साडेबारालाच लागतात."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांना थट्टा करताच येत नव्हती हे मला नंतर कळलं.

त्यांची पद्धत अशी. लोकप्रिय गाणं आठवड्यातून तीन-चारदा तरी रेडिओवर लागणारच. पहिल्या दिवशी पोरांनी डोळे मिटून नुसतं ऐकायचं. पुन्हा लागलं की ऐकता ऐकता लिहायचं. जो शब्द कळला नाही तिथं रेघ मारायची. तिसऱ्यांदा लागलं की रेघांच्या जागा भरायच्या. "न लागणारं चांगलं गाणं घेऊन काय करू?" ते मला म्हणाले होते. "मला लागणारं गाणं पाहिजे." गाण्याचा अर्थ ते फार उशिरा विचारायचे, कधी कधी विचारायचेच नाहीत. ऐकू आलं तेवढंच कागदावर आलं पाहिजे, मनचा एक शब्द घालायचा नाही. रेघ मारणाऱ्याला ते कधी रागावले नाहीत. अंदाजानं बरोबर शब्द लिहिणाऱ्याला मात्र उभं करायचे. "हा तुला ऐकू आला का?" पोरगं खाली बघायचं. "मग खोड."

एका मेंढपाळाच्या पोरानं 'सनम'च्या जागी 'शेणं' लिहिलं. वर्ग हसून हसून लोळला. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्या घरात तो शब्द आहे, म्हणून त्याला तो ऐकू आला. तुम्ही हसलात ते तुम्हाला आधी माहीत होतं म्हणून. ऐकलं त्यानंच."

गावात बोभाटा झाला. एक बाप तावातावानं शाळेत आला. "मास्तर, पोरगी घरी बसून सिनेमातली गाणी लिव्हतीया. ह्यासाठी शाळंत घातली व्हय?"

त्यांनी शांतपणे विचारलं, "घरून निघताना मंडळी तुम्हाला काय म्हणाल्या?"

"काय म्हणायचंय? लौकर या म्हणली."

त्यांनी पोरीला बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला. पोरगी म्हणाली, "आई म्हणली, लौकर या, येताना मीठ आणा, आन् मास्तरांसंगं भांडू नका, त्ये भला माणूस हाय."

बाप निघून गेला. मीठ नेलं की नाही कोण जाणे.

हे ऐकायला बरं वाटतं, पण असा माणूस शेजारी असणं फार जड जायचं. आमच्या हेडमास्तरांनी एकदा त्यांना शाळा समितीच्या अध्यक्षांकडे निरोप घेऊन पाठवलं. या अध्यक्षांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. शंभर एकरांचे मालक, सोसायटीचे चेअरमन, आणि शाळेची जागाही त्यांचीच. हेडमास्तर म्हणाले, "आण्णांना सांगा, सोमवारी मीटिंग आहे," आणि वर स्वतःशी पुटपुटले, "म्हणजे येऊन झोपायला बरं." मास्तरांनी पुटपुटण्यासकट पूर्ण निरोप पोचवला. आण्णा हसले म्हणतात. हेडमास्तरांना पुढं चार दिवस जेवण गेलं नाही.

गावातले एक वयस्कर गृहस्थ वारले तेव्हा मास्तर उशाशी होते. दहाव्याला मुलगा सगळ्यांना सांगत होता, आप्पांनी जाताना देवाचं नाव घेतलं. हे मधेच म्हणाले, "नाही. त्यांनी तुमच्या धाकट्या भावाला हाक मारली. दोनदा." धाकटा भाऊ घरातून तोडलेला होता. महिनाभर त्या घरातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मी त्यांना म्हणालो, "काय गरज होती?" ते म्हणाले, "धाकट्याला कळायला नको?"

ते मूळ दौंडचे. वडील तिथं रेल्वेत तारबाबू होते. दिवसभर यंत्राची टकटक ऐकायची आणि अक्षरं लिहायची, हे त्यांचं काम. घरी जेवताना ते मुलाला विचारायचे, आज बाजारात कोण काय बोललं, आणि मुलानं ते जसंच्या तसं सांगायचं. एक शब्द चुकला तर वडील हात थांबवून बसायचे. घरी एवढंच बोलणं व्हायचं, असं मास्तर एकदा म्हणाले. त्यांनी लग्न केलं नाही. एका खोलीत राहायचे. खोलीत खाट, स्टोव्ह, कातडी पिशवीतला तो ट्रान्झिस्टर, आणि भिंतीला टेकून पोरांच्या कागदांचे गठ्ठे.

त्यांच्या वर्गात सगळ्यात चांगलं ऐकायची ती रत्नमाला. आमच्या शाळेचा शिपाई गंगाराम, त्याची मुलगी. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती होती, तिथून यायची. तिच्या कागदावर रेघा कमी असायच्या असं नाही. उलट जास्तच असायच्या. पण जे लिहिलेलं असे त्यात चूक नसायची. ते तिला शाबासकी द्यायचे नाहीत, कुणालाच देत नसत. तिचा कागद वाचून झाला की फक्त खाली ठेवायचे, अगदी हळू.

मग मोठा दुष्काळ आला. दुसऱ्या वर्षी तर गावची मोठी विहीर कोरडी पडली. टँकर यायचा आणि त्याच विहिरीत पाणी ओतायचा, आणि तिथून गावानं शेंदायचं. वस्तीतल्या बायकांना तिथं उभं राहू देत नव्हते. वस्तीची स्वतःची एक विहीर होती, तळाला घागर दोन घागर पाणी साठायचं. ते पुरत नव्हतं. गंगारामनं शिरूरला जाऊन मामलेदाराकडे अर्ज दिला, की टँकरचं पाणी सरकारचं आहे, आम्हालाही मिळावं. अर्जाखाली वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे होते, सही फक्त गंगारामची.

त्यानंतर चार दिवसांनी आण्णा शाळेत आले. मी मोकळ्या तासाला ऑफिसात बसायचो, पण आण्णा आलेले पाहून मी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. साडेबारा वाजले होते. गाणं चालू होतं, पोरं लिहीत होती. ट्रान्झिस्टरचे सेल उतरलेले होते. आवाज बारीक होत होत गेला आणि गाणं मधेच बंद पडलं.

मास्तरांनी नेहमीसारखा हात वर केला. याचा अर्थ थांबा, पेन्सिल खाली ठेवू नका. सदतीस पोरं तशीच बसली. ट्रान्झिस्टर चालू व्हायची वाट पाहत सगळा वर्ग कान देऊन बसला होता, आणि तेवढ्यात फळ्यांपलीकडच्या ऑफिसातून आण्णांचा आवाज आला. ओरडून नाही, सावकाश.

"अर्ज मागं घे, गंगाराम."

"आण्णा, त्यो एकट्याचा न्हाई. समद्या वस्तीचा हाय."

"सही तुझी हाय. परवापातूर मागं घे. न्हाई घेतला तर तुमच्या विहिरीत घासलेट पडंल. मंग टँकर बी न्हाई आन् विहीर बी न्हाई. आन् तू परत ह्या शाळंत दिसायचा न्हाईस."

कुणीतरी खोकलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मी मान वर केली तेव्हा पोरं लिहीत होती. कुणी सांगितलं नव्हतं. हात वर होता, कानावर शब्द आले, आणि त्यांनी ते लिहिले. मास्तर डोळे मिटून उभे होते. रत्नमाला पुढच्या बाकावर होती, तिचीही पेन्सिल चालली होती, आणि तिच्या बापाचंच बोलणं ती लिहीत होती.

तास संपल्यावर त्यांनी कागद गोळा केले. एकेक वाचला. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "बघा. एकानंही मनचं घातलेलं नाही." आवाज कापत होता. त्यांचा आवाज कापताना मी तेवढाच ऐकला. कागदांना सुतळी बांधून त्यांनी ते आमच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. मग हेडमास्तरांना जाऊन सगळं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "तुम्हाला गाण्याच्या नादात भास झाला असेल."

गंगारामनं अर्ज मागं घेतला नाही. चौथ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बाया विहिरीवर गेल्या तर पाण्यावर रंगीत तवंग होता आणि वास काठापर्यंत येत होता.

त्या दिवसापासून वस्तीतली बाया-पोरं नदीच्या वाळूत खड्डे खणून पाणी आणायला लागली. जाऊन येऊन अर्धा दिवस जायचा. रत्नमाला शाळेत यायची बंद झाली.

गंगारामनं शिरूरला फिर्याद दिली. फौजदार आले. हे आपणहून त्यांना सामोरे गेले आणि म्हणाले, "साहेब, माझ्याकडे सदतीस जणांनी लिहिलेलं आहे. शाळेच्या कपाटात आहे." फौजदार म्हणाले, उद्या शाळेत येऊन पंचनामा करू. मग फौजदार आण्णांकडे जेवायला गेले.

त्याच संध्याकाळी आण्णांनी मला बोलावलं. मला चहा दिला, बसायला खुर्ची दिली. गावात मास्तरला खुर्ची देणारे ते एकटेच होते.

"गुरुजी, तुम्हाला अजून कायम केलं न्हाई न्हवं?" ते म्हणाले. "त्यो कागद माझ्याकडंच पडलाय. ऱ्हाऊनच गेलं बघा." मग म्हणाले, "कपाटाची किल्ली तुमच्याकडं बी असती म्हणं."

त्यांनी मला धमकी दिली नाही. कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही. मला दोन मुलं होती, बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. हे मी आजवर स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्यात काही अर्थ उरलेला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मी शाळेत गेलो, कपाट उघडलं, गठ्ठा काढला, कुलूप पुन्हा लावलं आणि आण्णांच्या वाड्यावर नेऊन दिला. वरचाच कागद रत्नमालाचा होता. आण्णांनी तो वाचलाही नाही. परसात आंघोळीचा बंब पेटलेला होता. गड्यानं सुतळीसकट गठ्ठा त्यात घातला.

दुपारी पंचनामा झाला. फौजदार, आण्णा, हेडमास्तर, गंगाराम, आम्ही दोघं. यांनी आपल्या किल्लीनं कपाट उघडलं. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, पुन्हा वरचा पाहिला. मग कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

फौजदारांनी मला विचारलं, "तुम्ही त्या वर्गात होता म्हणे?"

"होतो," मी म्हणालो. "वह्या तपासत होतो. माझं लक्ष नव्हतं."

पोरांना एकेक करून आत बोलावलं. आण्णा समोर बसलेले. प्रत्येक जण म्हणाला, काही ऐकलं नाही. दोघं-तिघं हे म्हणताना मास्तरांकडे बघत होते, जणू चूक झाली तर ते उभं करतील. रत्नमालाला वस्तीतून बोलावून आणलं. तिनं सगळं सांगितलं, शेवटच्या खोकल्यापर्यंत. फौजदार म्हणाले, "ही शिपायाचीच मुलगी ना?" आणि लिहून घेणं थांबवलं.

मग ते यांच्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही वर्गात रेडिओ लावता?"

"हो."

"सिनेमातली गाणी?"

"हो. ऐकायला शिकवायला."

"मग त्या गाण्यातलंच काहीतरी असेल. हल्लीच्या गाण्यांत काय वाटेल ते असतं."

सगळे हसले. मीही हसलो की काय, मला नक्की आठवत नाही. हसणं थांबल्यावर मास्तरांनी पलीकडून आलेलं सगळं बोलणं पहिल्यापासून म्हणून दाखवलं, आण्णांच्याच चालीत, आण्णांच्याच शब्दांत. आण्णांचा चेहरा एकदा बदलला. तेवढंच झालं.

फिर्याद खोटी ठरली. गंगारामला शाळेतून काढलं. महिन्याभरानं यांनाही काढलं. कारण लिहिलं, मुली बसतात त्या वर्गात सिनेमातली गाणी लावून शिस्त बिघडवली. माझं कायम झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. त्यांनी खोली सोडली त्या दिवशी मी एसटीच्या थांब्यावर गेलो होतो. ट्रान्झिस्टर खांद्याला होता. माझ्याशी ते नेहमीइतकंच बोलले, एसटी उशिरा आहे, शिरूरला दौंडची गाडी मिळेल का, वगैरे.

पुढं सहा वर्षांनी मी दौंडला गेलो, मेहुण्याच्या लग्नाहून परतताना. गाडीला तीन तास होते. पत्ता शोधायला वेळ लागला नाही. रेल्वे कॉलनीत गाण्यांचा क्लास म्हटलं की लहान पोरही दाखवायचं. वडिलांच्या जुन्या खोलीत ते रेल्वेतल्या लोकांच्या मुलांना इंग्रजी आणि हिंदी शिकवत होते. तमिळ, तेलुगू, मराठी, सगळ्या घरची मुलं भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटून, आणि रेडिओ चालू. ते फार वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि त्यामुळेच मला राहवेना. क्लास सुटल्यावर मी म्हणालो, "ते कागद मी काढले होते."

ते म्हणाले, "कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन होत्या."

"मग तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत?"

"मी तुम्हाला काढताना पाहिलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं." मग म्हणाले, "आता ऐकलं." पायात चपला घालत म्हणाले, "गंगाराम इथंच असतो. रेल्वेत रुळांच्या गँगला लागलाय. चला, घरीच असेल आता. त्याला सांगा."

मी घड्याळाकडे पाहिलं. म्हणालो, गाडी चुकेल, पुन्हा कधी येईन. गाडीला अजून दोन तास होते आणि दौंडमधल्या कुठल्याही माणसाला ते ठाऊक असणार. त्यांनी चपला पुन्हा काढल्या. "बरं," म्हणाले. मला सोडायला स्टेशनपर्यंत आले आणि गाडी येईपर्यंत माझ्या शेजारी बाकावर बसून राहिले. त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मी बोललो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी ते गेल्याचं पत्र आलं. क्लासमधल्या एका मुलानं लिहिलं होतं. त्यांच्या वहीत माझा पत्ता सापडला म्हणे. पोटात गाठ होती. पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दौंडला गेलो.

गंगाराम कॉलनीच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत राहत होता. केस पांढरे झालेले. मला त्यानं ओळखलं, "या गुरुजी," म्हणाला आणि सतरंजी टाकली. रत्नमालाची चौकशी केली तर म्हणाला, "दिली. कुर्डूवाडीला असती. शाळा तवाच सोडली तिनं. हितं मास्तरांनी लई सांगितलं, पर बसली न्हाई. लिव्हून काय व्हतंय, म्हणायची."

मी त्याला सगळं सांगितलं. किल्ली, गठ्ठा, बंब. सांगून झाल्यावर मी विचारलं, "मास्तरांनी तुम्हाला सांगितलंच असेल."

"न्हाई," गंगाराम म्हणाला. "मी समजत व्हतो हेडमास्तरनी काढलं. कितींदा मास्तरांम्होरं त्याला शिव्या दिल्या म्या. ते म्हणायचे, त्याचं नाव घेऊ नका, आपण बघितलं न्हाई." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आजारात एवढंच म्हणले, ते गणिताचे गुरुजी कवातरी यायचे हायती. काय सांगायचंय ते त्यांचं त्यांना सांगू द्या. तुम्ही फकस्त ऐकून घ्या."

मी वाट पाहत होतो, तो काहीतरी बोलेल म्हणून. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि डोक्याला घातली.

"ऐकलं," म्हणाला. "ड्यूटीवर जायचंय मला."

मी सतरंजीवरून उठेपर्यंत तो दार उघडं धरून उभा होता.